नव्वद टंच

विट्यात यंत्रमागांच्या खटखटीतून आत वळलं
की पिराजीकाकांची भट्टी.
तीस वर्षं कुंभकोणमच्या गल्लीत गलाई केली,
येताना आणल्या चार तमिळ शिव्या
आणि दिवेलागणीला सुरू होणारा खोकला.

हौसाबाई निकमांनी माळ सोडली पुढ्यात.
"टाक करायचाय रेवणसिद्धाचा. जुना झिजला,
नाक-डोळं काय राह्यलं न्हाय देवाला."
एकवीस नाणी. विसांवर राणी.
एकविसाव्यावर गरुड, चोचीत साप,
पायाखाली फड्या निवडुंग.

"ह्यो तर आपल्या रेणावीच्या माळावरचा!"
काका, उलटं आहे, मी म्हटलं
(मी शाळेत इतिहास शिकवते, सुट्टीतही).
निवडुंगच आपल्याकडे तिकडून आला. मेक्सिकोतून.

एक टोळी भटकत होती.
देव म्हणाला, निवडुंगावर गरुड दिसेल तिथं थांबा.
दिसला तो तळ्याच्या मधोमध.
तिथंच थांबले. गाळ उपसून मळे केले,
पाण्यावर शहर उभारलं, होड्यांनी भरणारा बाजार,
आणि बाजारात नाणं म्हणून कोकोच्या बिया.
"बियांचा टंच कसा बघायचा?"
खोट्या बियाही निघायच्या. टरफलात माती भरलेल्या.
काका खूष झाले. "म्हंजे माणसंच हुती."

सोन्याचांदीला ते देवाची विष्ठा म्हणत.
मुशीत टाकणखार टाकता टाकता काका थांबले.
"बराबर नाव हाय.
सराफकट्ट्याची गटारं, दुकानातली झाडलोट,
आमी जल्मभर त्योच गोळा करत हिंडलो."

मग समुद्रापलीकडचे आले, त्यांना तेच हवं होतं.
देवळं पाडली, त्याच दगडांची देवळं बांधली.
पाठोपाठ देवी आल्या, आपण म्हणतो त्या देवी,
घरंच्या घरं गेली, पुरायला माणूस उरला नाही.
उरलेल्यांनी डोंगर पोखरले.
चांदीच्या चिखलात पारा घालून
खेचरं फिरायची गोल गोल, मागून अनवाणी माणसं.
दात पडायचे. हात कापायचे.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं नाही.
मी पाहिलं.

तीनशे वर्षं नाण्यावर परका राजा.
एका पहाटे खेड्यातल्या पाद्र्यानं घंटा बडवली,
अकरा वर्षं रक्त सांडलं,
मग घरचाच एक बादशहा झाला. दहा महिने.
तेवढ्यात त्याचाही चेहरा उठला नाण्यावर.
तो हाकलला आणि हा गरुड बसवला.
मागच्या बाजूला टोपी बघा, भोवती किरणं,
टोपीवर एकच शब्द: स्वातंत्र्य.

"टोपी कुणाची?"
कुणाचीच नाही. तीच तर गंमत.

काकांनी नाणं कसोटीवर ओढलं.
"नव्वद. राणीपरास दीडनं कमी.
आन् त्या परक्या राजाच्या येळंला किती हुतं?"
तेवढंच. जवळजवळ.
"मग बदाललं काय?"

पुस्तकात उत्तर आहे, चार मुद्दे, आठ गुण.
मुलं पाठ करतात, मीच सांगते करायला.
पण खाणीत पारा तोच होता. खेचरंही.
मी भात्याकडे बघत राहिले.

एवढं एक राहू द्या, मावशी, मी वजनाचे पैसे देते.
हौसाबाईंनी नाणं उन्हाकडे धरलं.
"का? पाखरू देवाला चालत न्हाय व्हय?
आन् माजी यष्टी पाचची हाय."

एकविसही गेली मुशीत.
आधी साप गेला की गरुड, कळलं नाही.
राणी मात्र बराच वेळ नाक वर करून होती.

टाक सोनार ठोकेल, काकांचं काम लगडीपुरतं.
लगडीवर कुणीच नव्हतं.
हौसाबाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली,
कागद तपकिरी झाला कडेनं,
तशीच पदरात धरून त्या स्टँडकडे निघाल्या,
चटका बसेल तसा हात बदलत.