हिका हात लावू नको

शुवैखला दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडखाली
पानासुद्धा फडक्यानं धरावा लागतो.
अबू मिशारीची कॅप्रिस आली, एकोणऐंशीची,
पिकल्या खजुराच्या रंगाची, होडीएवढी लांब,
मागोमाग नातू, काखेत खोकं:
नवे स्पीकर, साडेतीन इंची, जोडी.

म्हाताऱ्याची अट एकच.
डॅशबोर्डला कानस लागता कामा नये.
चाळीसच्या वर उन्हाळे काढलेत त्यानं,
एक भोक पाडलंस तर बघ,
असं म्हणाला, आणि स्वतःच्या थर्मासमधली
घोटभर कॉफी माझ्यापुढे केली.

जाळीचे चार स्क्रू. तीन निघाले.
चौथ्यानं तासभर खाल्लं.
प्लास्टिक पापडासारखं वाळलेलं,
श्वास रोखून उचललं.
खाली एकच स्पीकर, लांबट, चार बाय दहा,
कागद फाटून झालर झालेला
आणि खोलगटात चिमूटभर वाळू.
बातम्या, अजान, फुटबॉलचे गोल,
इतकी वर्षं सगळं
या वाळूतून चाळून येत होतं.

उलटा केला. चुंबकाच्या पाठीवर
हिरव्या रंगात, बारीक ब्रशनं, देवनागरी:

हिका हात लावू नको.
धाकू. २९-७-९०.

आणि एक बाण, काळ्या वायरीकडे.

मी बार्शीचा. आमच्याकडे 'हिला' म्हणतात.
पण परक्या गाडीच्या पोटातून
कुणीतरी तळकोकणातलं ओरडलं
आणि माझा हात खरंच मागे आला.

नाव वाचून दाखवलं.
"दाकू!" अबू मिशारी म्हणाला.
ध त्याच्या जिभेला तेव्हाही जमला नसेल.
मग बराच वेळ काही नाही.
मग: रविवारी बसवला त्यानं हा.
साडेतीन दिनार झाले. सुटे नव्हते.
म्हटलं, गुरुवारी देतो.
गुरुवारी पहाटे रस्त्यावर रणगाडे.
गाडी सात महिने जहराला,
भावाच्या गोठ्यात, चाऱ्याखाली.
परत आलो तर दुकानाच्या जागी
नुसती काळी भिंत.

नातवानं मोबाईल खिशात घातला.

मी पत्र्याची पट्टी कापली, जुन्याच भोकांना धरून,
दोन्ही नवे शेजारी शेजारी बसवले.
काळ्या वायरीला हात लावला नाही.
का ते कळलं नाही, धाकूला ठाऊक असणार.
रेडिओ लावला. इतका स्वच्छ
की निवेदिकेनं घोट घेतलेला ऐकू आला.
म्हातारा म्हणाला, छान. आणि आवाज बारीक केला.

पैसे मोजताना त्यानं माझे वीस दिले
आणि वेगळे साडेतीन.
मी म्हटलं, मी त्याचा कोण?
म्हणाला, लिहिलेलं तुला वाचता आलं ना.

यावर काय बोलणार.
जाळी अजून लावायची होती.
तीन नोटा आणि एक अर्ध्याची,
प्लास्टिकमध्ये घडी करून पट्टीमागे चिकटवल्या,
वर मार्करनं लिहिलं:

धाकूचे हायेत. हात लावायचा नाय.

आणि तारीख.
चौथा स्क्रू मात्र नवा घातला.