पोच

ओल्यांव बंदरामागच्या कारखान्यात
मासे डबाबंद होतात.
खालच्या मजल्यावर बायका सार्डिनची डोकी उडवतात,
वरच्या मजल्यावर मी फोटोंची.

शिळ्या कढीला ऊत आणणं, हा माझा हुद्दा.
पगारपत्रकावर जरा बरं नाव आहे त्याला.

एक फोटो. सहा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मंगळवारचा.
देओलिंदा डब्यात मासे रचतेय,
मानेशी शेपटी, शेपटीशी मान,
घाईच्या दिवशीही कुणी अभ्र्यांच्या घड्या
कोपऱ्याला कोपरा जुळवून घालाव्यात, तशी.

मी तो चौकोनी कापला. उभा कापला.
लांबट पट्टी करून वेबसाइटच्या कपाळावर लावला.
सात सेकंदांचा व्हिडिओ केला, ज्यात काहीच हलत नाही,
नुसते आपण जवळ जवळ जातो.
नाताळात तिच्या मनगटामागे लाल रंग ओतला,
जर्मन गिऱ्हाइकांसाठी निळा.
चेहऱ्यापाशी लोक थांबत नाहीत, असं आकडे म्हणाले,
म्हणून चेहरा गेला.
मग कोपर.
शेवटी दोन बोटं आणि एक मासा उरला,
त्याचीच रेघ काढून आम्ही झाकणावर छापली.

वालेरिउ, आमचे साहेब, खूश.
एका फोटोच्या एकेचाळीस पोस्ट!
रीच म्हणे ब्राझीलपर्यंत वाढला.
ब्राझीलमधल्या कुणी डबा मागवल्याचं अजून ऐकिवात नाही.

फेब्रुवारीत देओलिंदा जिना चढून वर आली,
रबरी बूट खालीच काढून, मोज्यांवर.
म्हणाली, तो फोटो हवाय.
मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. यातला कुठला?
तिने सगळे पाहिले, पाळी संपताना डबे मोजतात तसे.
"यात तो नाही."
कोण?
"डावीकडे. मागे. क्रेट घेऊन चाललेला."

अबीलियु. तिचा नवरा. जानेवारीत गेला.
त्याला मी पहिल्याच दिवशी कापलं होतं,
पहिल्याच कातरीत,
फोकसमध्ये नव्हता म्हणून.

दोन रात्री जुन्या हार्ड डिस्क उपसल्या.
'नको' नावाच्या फोल्डरात मिळाला, अख्खा.
भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ,
टेबलाखाली एक मांजर, जिला तिथे सक्त मनाई होती,
आणि डाव्या काठाला एक धूसर माणूस,
मान देओलिंदाकडे वळवलेला.
चेहरा उडवण्याआधी नऊ वेळा मी तिचं हसू विकलं होतं.
ते ओठांत कुणासाठी दाबलंय
हे विचारायचं सुचलं नव्हतं.

मोठ्या कागदावर छापून दिला.
ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग चिडलीच:
"डॉक्टरांनी बजावलं होतं, ओझं उचलू नको.
आणि हा बघ. दोन क्रेट! दोन!"

वालेरिउंच्या कानावर गेलं.
हाच टाक की आता, म्हणाले, लोक रडतील.
मी तिला विचारलं.
"टाक. पण कापू नकोस."

टाकला.
तो कुठल्याच मापात बसेना.
फोननेच परस्पर दोन्ही बाजू झाकल्या,
बोटाने दाबलं तरच अबीलियु दिसायचा.
त्रेसष्ट जणांनी दाबलं.
आकड्यांत ही वर्षातली सगळ्यात पडेल पोस्ट,
आणि पडेल का, यावर मला एक टिपण लिहायचंय,
ते अजून लिहिलेलं नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर एक डबा होता.
आमचाच, रिकामा करून घासलेला,
कडा हातोडीने ठोकून बोथट केलेल्या.
आत बदाम खोचलेली सुकी अंजिरं.
चिठ्ठी नाही.
झाकणावर तीच दोन बोटं.

ही पोच, असं समजून मी एक खाल्लं.
बाकीची मोजून ठेवली. बारा.