खांदा साडेअठरा

एप्रिल संपत आला होता, दुपारचे अडीच.
चुनाभट्टीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
घाडीगावकर आले.
पिशवीतून मलमल काढली, चार मीटर,
पांढऱ्यावर फिकट निळी बुट्टी.
म्हणाले, गाऊन शिवायचाय. हिच्यासाठी.

मापाला जुना आणलाय?
नाही आणला.
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले,
जणू तिथे एकादशीसोबत उत्तरही छापलंय.
खांदा साडेअठरा धरा, म्हणाले,
आणि उंची... माझ्याएवढी.

हिला मी ओळखते.
शोभाचा खांदा चौदा,
गेली अकरा वर्षं चौदा. वहीत आहे.
पण शिवणाऱ्या बाईला कळतं बरंच
आणि तोंडात टाचण्या असतात,
ते एक बरं असतं.

हे दादरला साड्यांच्या दुकानाच्या दारात उभे असतात.
निळा टेरिकॉट, पूर्ण बाह्या, गळ्यात टाय,
खांद्यावर पिवळी दोरी, कुठल्या लढाईची कोण जाणे.
गिऱ्हाईक आलं की काचेचं दार ओढायचं,
आतला गार वारा एक घोटभर मिळतो
आणि दार लागतं.
आत मंगलगिरी, कोटा, नारायणपेठ
घडीवर घडी, थंड झोपलेल्या.
बाहेर ह्यांची पाठ साबुदाण्यासारखी फुललेली.

उभे राहा सरळ, मी म्हटलं.
माझं कशाला?
अंदाजाला.
टेप खांद्यावर टेकवली तर दचकले.
कॉलरखाली घामोळ्याची पावडर
घामात कालवून कणकेसारखी झालेली.
मी टेप हलकी धरली.

गळ्याला लेस लावू?
नको नको. टोचते... हिला.
बाह्या?
सैल. वारा फिरला पाहिजे.
आणि निघता निघता, पायरीवरून,
खिसा देता येईल का एक?
चष्म्यापुरता.

देते, म्हटलं.
लगेच म्हटलं, आणि मग मशीनवर बसल्यावर
पाय थांबला.
बावीस वर्षं गाऊन शिवतेय.
किती जणींनी मागितला असेल खिसा,
चावीला, सुट्ट्या पैशांना, नुसता हात घालायला.
त्यांना मी म्हणायचे, झोळ पडतो गं, शोभत नाही.
घाडीगावकरांना काही म्हणाले नाही.
एका बुव्याने मागितला, दिला.
दुपारभर ते बोटात सुईसारखं राहिलं.

तिसऱ्या दिवशी गाऊन घेऊन गेले.
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून,
जसं मटण नेतात श्रावणात.

पुढच्या आठवड्यात शोभा आली.
मी म्हटलं आता बोलणी खावी लागणार.
तिने पिशवीतून ह्यांची हाफ पँट काढली,
खाकी, धुऊन धुऊन रुमालासारखी मऊ.
कंबर कमी कर माझ्या मापाने, म्हणाली,
नाडी नको, काचते. इलॅस्टिक घाल.
आणि खिसे राहू देत हां, दोन्ही.
मग टेबलावरचे कपडे उगाच सारखे करत,
पहिल्यांदा झोपला गं काल. पहाटेपर्यंत. पालथा नाही, उताणा.

रात्री दुकान बंद करून वर बघितलं.
वीज गेलेली. तिसऱ्या मजल्यावर
गॅलरीत दोघं,
एकाच्या अंगावर बुट्टी वाऱ्याने फुगलेली,
दुसऱ्याचे गुडघे उघडे.
समोरच्या मावशी ओरडल्या, कोण गं ते?
आम्हीच, वरून आवाज आला.
कुणाचा ते कळलं नाही.

मी शटर ओढलं.
परकराची नाडी दिवसभर कमरेत रुतलेली,
तिथे आता कायमचा वळ आहे, कमरपट्ट्यासारखा.
मलमलीचा तुकडा उरलाय थोडा.
माझं माप मी कधी वहीत लिहिलंच नाही.
उद्या घेईन.
की आताच, मेणबत्ती आहे तोवर?