शिंकणी

सन्मतीचा पंजा मी ग्राफपेपरवर काढून घेतला.
पेन्सिल बोटांमधून फिरताना त्याला गुदगुल्या झाल्या,
त्यामुळे करंगळी जरा वाकडी आलीय.
असू दे. ह्या पंजात बसेल एवढंच करायचं.

दादा आधीच म्हणाला होता, घरात बंदूक नको.
आपल्यात मुंगी चुकवून पाऊल टाकतात.
ठीक. मग बंदूक नव्हे, पंप म्हणू.
पाण्याच्या जागी वारा,
आणि तोंडाशी फोमची एक कांडी.

स्प्रिंगवर तीन शनिवार गेले.
लुनाच्या शॉकॲबची मलाच दाबेना,
बॉलपेनची इतकी भित्री की कांडी नळीतच बसून राहिली.
दस्तगीरचाचांनी मिरजेहून तार आणली,
सतारमेकर गल्लीतली, पिवळी, देखणी.
वळवली, दाबली, सोडली, तर दाबलेलीच राहिली.
ती वाजायला शिकलेली,
ढकलणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.
शेवटी कुपवाडच्या आमच्या टूलरूममधली पियानो वायर,
लेथ गोगलगायीसारखं फिरवत अकरा वेढे घेतले.
सोडताना हात मागं ठेवला.
माझ्या मनगटावरचा जुना वळ अशाच एका वायरचा आहे.

पिस्टन नायलॉनचा.
ओ-रिंग तासगावच्या कुठल्याशा द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाची,
मोरचुदाचा निळा डाग अजून अंगावर.
खटक्याला हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा.
बोटभर व्हॅसलीन लावलं,
नळीचं तोंड अंगठ्यानं झाकून पिस्टन सोडला:
अर्ध्यात येऊन उशीवर टेकल्यासारखा थांबला.
म्हणजे गळत नाही.
त्या दिवशी मी चहा दोनदा प्यायले.

लांबी मात्र मावेना.
पिस्टनपुढं नळी धरली की पंजाच्या दुप्पट.
मग नळी उचलून पिस्टनच्या डोक्यावर ठेवली,
दुमजली घरासारखी;
खालचा वारा जिन्यानं वर जाणार.
पण जिन्यात वारा रेंगाळतो.
मधली रिकामी जागा सगळा जोर गिळून बसते
हे मला आधी कळलं नाही,
कांडी चार पावलांवर टपकली.
त्या पोकळीत नायलॉनचं बूच टर्न करून ठोकलं,
आणि नळी दोन बोटं कापली,
कारण लांब नळीत वारा आधी संपतो,
मग कांडी भिंतीला घासत एकटीच चालते.
सात पावलं. नऊ.
अकरा.

कांडीच्या टोकाला चपलेचं रबर, टिकलीएवढं.
नियम सन्मतीनं स्वतः लिहिला, दारामागं, खडूनं:
तोंडाकडं नाही. मांजराकडं नाही.
मुंगीकडं पण नाही.

गच्चीवरून सुटलेली पहिली कांडी
समोरच्या चौगुलेकाकूंच्या ओल्या कुरडईत
खांबासारखी उभी रुतली.
संध्याकाळी ती धुऊन परत आली,
ताटलीत, चार तळलेल्या कुरडयांच्या शेजारी.
"आणि किती लांब जातंय ते?" एवढंच विचारलं काकूंनी.

आवाजही काय तो? ठो नाही, धडाम नाही.
फच्च.
मांजराच्या शिंकेएवढा.
म्हणून सन्मतीनं नाव ठेवलं शिंकणी,
आणि दादाला हरकत घ्यायला काही उरलं नाही.

काल दादा सेकंड शिफ्टला निघाला,
डबा पिशवीत, एक पाय उंबऱ्याबाहेर,
आणि आतून
फच्च.
दादा थांबला.
शिंकेला पाऊल मागं घ्यायचं,
हे आमच्या घरात पायांनाच पाठ आहे.
पिशवी खाली ठेवली. बाकड्यावर टेकला.
चपलांच्या ढिगातून कांडी काढली,
टिकली नखानं दाबून पाहिली,
एक डोळा मिटून उजेडात धरली.

"सेंटर जरा सरकलंय गं," म्हणाला.

कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती.