सातवी ब, पाचवा तास

मुहर्रकच्या शाळेत एसी घुमतो
आणि खिडक्यांना बाहेरून घाम फुटतो.
आत पंचवीस मुली, पंचवीस टिश्यू पेपर,
प्रत्येकीनं आपापला ओठांपुढे धरलेला.
म्हणा, प.
कागद हलला तर प, नाही हलला तर ब.
आज एवढंच.

त्यांच्या भाषेत प नाहीच मुळी.
म्हणून पॅरिसचं बारीस होतं,
मी पोतनीस, माझी बोतनीस होते,
आणि तिसऱ्या बाकावरची घदीर
रोज दुपारी ताटभर "ब्वासों" खाते.
ब्वासों म्हणजे पेय.
तिला म्हणायचा असतो मासा.
तिचे आजोबा तारेचे गरगूर विणतात,
घुमटासारखे पिंजरे, माणूस आत बसेल एवढे,
आणि त्यात सापडलेली साफी
तिच्या ताटात येते, डोक्यासकट, भातावर.
सगळं खरं आहे. ओठ तेवढे फुटत नाहीत.

मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते:
मासा. पेय.
आणि मासा लिहिताना एक स गाळलात तर, विष.
विष मात्र सगळ्यांना एका दिवसात पाठ.

र ची गोष्ट उलटी.
मिरजेत दोन वर्षं पाण्याची गुळणी धरून
मी आरशासमोर घोटला तो र,
आतून आई ओरडायची,
घसा बसलाय तर मीठ टाक की गं त्यात!
या पोरींच्या घशात तो आधीपासून बसलेला.
घदीरच्या तर नावाचं पहिलं अक्षरच ते.
मी खाकरून दाखवलं,
तेव्हा त्या एकमेकींकडे बघत राहिल्या:
हे शिकवायला ही बाई समुद्र ओलांडून आली?

मग लिंगं.
चंद्र फ्रेंचमध्ये ती.
"पण मदाम, चंद्र तो असतो,"
लुलुवा म्हणाली, फ्रेंचांच्या वतीनं ओशाळून.
घर फ्रेंचमध्ये ती, अरबीत तो.
तुमच्यात?
ते, म्हटलं मी.
ते म्हणजे?
म्हणजे तो नाही. तीही नाही.
एसीचा आवाज एकदम मोठा झाला.
अजून काय काय आहे ते?
पाणी. मीठ. जहाज. पोट.
मूल.
मूल? घदीर उभीच राहिली.
मुलगा की मुलगी, तुम्हाला कळत नाही?
कळतं गं. पण तेवढी घाई नसते आम्हाला.
तिनं वहीच्या मागच्या पानावर
अरबी अक्षरांत लिहून घेतलं, ते,
आणि खाली दोन रेघा मारल्या,
जणू परीक्षेला येणार आहे.

त्या दिवशी मी घरी जाऊन
लाँड्रीच्या वरच्या माझ्या दोन खोल्यांना
कुलूप काढता काढता म्हणून पाहिलं,
ला मेझों. अल बैत. घर.
तिसऱ्या वेळेला किल्ली फिरली.
किल्लीचं काय, ती नेहमीच अडते.

वर्ष संपत आलं तरी घदीरचा कागद
मेलेल्या पाकोळीसारखा लोंबत राहिला.
आणि मग जूनमधल्या एका सोमवारी,
अर्धा वर्ग गैरहजर, बाहेर पंचेचाळीस डिग्री,
ती दारातूनच ओरडली,
कागद हातातून सुटून थेट माझ्या टेबलावर:
मदाम प्पोतनीस!
मी टाळ्या वाजवल्या. वर्गानं बाकं.
तिला मग आवरेचना.
माझे पापाचे पापा (हे तर बरोबरच निघालं),
मी राहते पाहरीनमध्ये,
पोंजूर, मदाम, पोंजूर, पोंजूर!

लाल पेनचं टोपण मी उघडलं होतं.
ते परत लावलं.
बोंजूर उद्या.