डाव्या अंगाला दोन थेंब

एकोणीस वर्षं मी राणी मासा जपानला धाडते.
मिरकरवाड्याच्या जेटीवर तो उतरतो गुलाबी,
आमच्या शेडमध्ये येतो, डोकं जातं, काटा जातो,
रंग धुणाच्या पाण्यासोबत गटारात जातो
आणि उरतो पांढरा गोळा,
ज्याला मासा म्हणावं की नाही
यावर हुस्नाराचं आणि माझं अजून एकमत नाही.
कार्टनवर लेबल, लेबलावर त्यांची अक्षरं.
वरची बाजू कुठली ते सुपरवायझर सांगायचा.
तो रजेवर असला की अंदाज.

भिशी अकराजणींची.
कुणी फ्रीज घेतला, कुणी पत्रे,
एकीने जावयाला रिक्षा घेऊन दिली.
आम्ही दोघी आपापला नंबर बँकेत टाकत राहिलो, सहा वर्षं,
कुणी विचारलं तर म्हणायचं, गुडघ्याच्या ऑपरेशनला.

पासपोर्टच्या खिडकीत माझी बोटं उमटेनात.
पोरगा म्हणाला, मावशी, पुसून ठेवा.
पुसली, ठेवली. पडद्यावर नुसतं धुकं.
रेषा बर्फाने खाल्ल्या, उरल्या त्या खवल्यांनी.
दहांतून एक अंगठा कसाबसा सापडला.
हुस्नारा मागून कुजबुजली,
"आता चोरी करूया गो, आपण कुणाला गावणार नाय."

व्हिसाच्या फॉर्मात रकाना होता, प्रवासाचं कारण.
मी म्हटलं, लिही, माल नीट पोचतो का बघायला.
एजंट पावसकर हसला नाही. पर्यटन, असं लिहिलं.

नवरा म्हणाला, तिकडे आहे काय?
मी म्हटलं, समुद्र.
मग भाट्याला जा, म्हणाला, रिक्षाने दहा मिनिटं.
तरी बॅगेला लाल नाडा त्यानेच बांधला
आणि माशाच्या काट्यावर दोन्ही बॅगा तोलून आणल्या.
दोनशे ग्रॅम जागा उरली होती.
तेवढ्यात हुस्नाराने खजूर कोंबला.

तिकडचं बरंच सांगून झालंय, शेजारी, माहेरी, भिशीत.
तापलेली संडासाची बैठक सगळ्यांना पाठ आहे.
विमानतळावर बोटं पुन्हा उमटली नाहीत,
तर साहेबाने ओला फडका दोन्ही हातांनी पुढे केला
आणि असा वाकला, जणू चूक मशीनची नव्हे, त्याची.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका दुकानात शिरलो, पाऊस चुकवायला.
काचेमागे पांढऱ्या चकत्या ओळीने,
प्रत्येकीला कडेने गुलाबी रंग.
आम्ही इथे धुऊन काढला, तो त्यांनी तिथे परत लावलेला.
हुस्नाराने काचेवर बोट टेकलं.
"ही आपलीच काय गो?"
पाकिटावर मिरकरवाडा नव्हता.
आम्ही दोघी तशाच उभ्या,
लग्न होऊन गेलेल्या पोरीच्या दाराशी
बेल वाजवावी की नाही, अशा.

पलीकडे बर्फाच्या पेटीवर मात्र ती दोन अक्षरं होती,
माझ्या लेबलावरची पहिली दोन.
दोघांच्याही डाव्या अंगाला दोन-दोन थेंब.
दुकानातल्या मुलीला मी मराठीतच विचारलं, हे काय गं?
तिने हात छातीशी घट्ट धरले, खांदे वर घेतले
आणि दात वाजवून दाखवले.

हुडहुडी, हुस्नारा म्हणाली.

एकोणीस वर्षं, मनगटापर्यंत बर्फात हात घालून,
मी हुडहुडी चिकटवत होते.
कित्येकदा उलटी.

मंगळवारी कामावर हजर झाले.
गमबुटात कुणीतरी पाणी सांडून ठेवलेलं.
चहाच्या सुट्टीत पोरी भोवती जमल्या, काय पाहिलंस सांग,
मी बैठकीचीच गोष्ट पुन्हा सांगितली, हसल्या.
सुपरवायझर आजही रजेवर.
लेबल हातात घेते, आधी थेंब शोधते.
डावीकडे.
पुढचा कार्टन.