बारा ढांगा

दासरी सर गेले वरंगलला, लेकीकडे.
शिट्टी सोबत नेली.
रिक्षात बसताना एवढंच म्हणाले,
फक्की ओल्या जागी ठेवू नकोस, गोळे होतात.

पेपरात जाहिरात आली तीनदा.
फुटबॉल प्रशिक्षक पाहिजे, तासिका तत्त्वावर,
सोलापुरात राहण्याची तयारी असावी.
शेवटची ओळ कुणी घातली कोण जाणे,
मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत,
ती धमकीसारखी वाटायची.

मुलाखतीला चार जण. चहा मी नेला.
पहिला पुण्याचा. लॅपटॉप उघडून म्हणाला,
आधी आपल्याला मानसिकता बदलावी लागेल.
प्राचार्यांनी मान हलवली
आणि मला पंखा पाचवर करायला सांगितला.
दुसरा कोल्हापूरचा. खिडकीतून त्याने मैदान पाहिलं,
मग कपात बघत राहिला बराच वेळ.
तिसरा अध्यक्षांचा साडू.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
त्यानंच विचारलं, गाडी लावायला सावली आहे का.

बाहेर कडुनिंबाखाली पोरं.
अंबादास बोल्ली रात्रपाळीचा माग सोडून थेट आलेला,
भुवयांवर सुताचा भुगा.
"कोण येलालेत बे?"
"मला काय माहीत. तौफिकला विचार."
त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती साहेबांच्या कागदावर नव्हती:
पाळी सुटायला उशीर झाला
तर गेटातून आत घेतील का?
दासरी सर घ्यायचे.
तेलुगूत शिव्या द्यायचे, दोन चकरा जास्त मारायला लावायचे,
पण घ्यायचे.

चौथ्या हत्तुरे बाई, अक्कलकोटहून एसटीनं.
ऑफिसात जायच्या आधी मैदानात उतरल्या,
चपला हातात, भेगांवरून.
"पेनल्टीचा ठिपका कुणी मारला?"
मी मारतो. सरांच्या मापानं. त्यांच्या बारा ढांगा.
बावीस वर्षं तिथंच आहे, बाई.
"टेप आहे का?"

टेप होता. भालाफेकीच्या सामानाखाली,
वर्षानुवर्षं गुंडाळलेला, उघडताना कुरकुरला.
एक टोक मी गोलरेषेवर अंगठ्यानं दाबून बसलो.
दहा मीटर त्रेचाळीस.
अकरा पाहिजे.
बाई काही बोलल्या नाहीत. टेप पुसून परत दिला.

मी मात्र तिथंच बसून राहिलो.
लातूरची फायनल आठवली, आणि नांदेडची,
आपल्या पोरांचा नेमका कोपऱ्यात गेलेला चेंडू,
आणि त्यांच्या गोलकीपरची बोटं
जरा आधी तिथं पोचलेली.
आम्ही नशिबाला बोल लावले. रेफरीला लावले.
सरांची ढांग लहान होती, एवढंच.
रागावले की ते उंच दिसायचे.

आत बाईंना विचारलं, मुलं ऐकतील का तुमचं?
बाईंनी विचारलं, तास कुठपर्यंत मोजता?
शिट्टी वाजेपर्यंत
की शेवटचं पोर सायकलवर बसेपर्यंत?
ते कुणी लिहून घेतलं नाही.

निकाल अजून नाही. फाईल वर गेलीय.
वर म्हणजे कुठं,
अठ्ठावीस वर्षं शिपाई आहे, मला सांगता येणार नाही.

परवा पहाटे नवा ठिपका मारला.
कुणाला न विचारता.
जुना चपलेनं घासला, तो जाईना,
इतक्या वर्षांची फक्की मातीत मुरलेली.
अंबादास आला, दोन्हींकडे पाहत उभा राहिला.
"मामा, हे लांब वाटलालंय की."
"आहेच लांब."
"कुणी सांगितलं?"
"टेपनं."
त्यानं चेंडू ठेवला, मारला,
गोलकीपरनं आरामात धरला.
परत आणला. परत ठेवला.
उन्हं मागच्या चिमणीवरून खाली येईपर्यंत
त्याचं तेच चाललं होतं.

संध्याकाळी वरंगलला फोन लावला.
सर म्हणाले, मिळालं का कोणी?
बघलालेत, म्हटलं.
फक्की कोरडी आहे, म्हटलं.
ठिपक्याचं काही बोललो नाही.